सत्तावीस नंबरचं मशीन

मुबश्शिरा नांदेडची. इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं, मुज्तबा जिल्दसाजांचं, दुकान होतं. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे, मशिदीतल्या जुन्या कुराणांच्या सुट्या झालेल्या पानांना टाके घालायचे. खळीचा वास घरातल्या कपड्यांनासुद्धा येई. पाच भावंडांत शिकली ती एकटी मुबश्शिरा. एमसीए झाली, दोन वर्षं एका शाळेत मुलांना माउस कसा धरायचा ते शिकवलं, आणि २००९ साली लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये नोकरीला लागली.

तेव्हा लातूरात क्लासचं पीक जोरात होतं. बिलोलीपासून निलंग्यापर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायची. ज्याच्या घरात दोन खोल्या त्याने एक खोली पोरांना भाड्याने दिलेली. मुबश्शिराच्या क्लासचे मालक संगप्पा सर निलंग्याकडचे, फिजिक्स शिकवायचे. घरी कानडी, वर्गात मराठी. दोन हजारांवर विद्यार्थी, मुलींसाठी स्वतःचं वसतिगृह. सरांना वेबसाइट हवी होती. आईबापांनी गावातल्या कॅफेत बसून लेकराचे मार्क, हजेरी, खोली नंबर, वसतिगृहातली ये-जा सगळं बघावं.

ती वेबसाइट मुबश्शिराने एकटीने उभी केली, जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत. अब्बा फोनवर विचारायचे, तू नेमकं करतेस काय? ती सांगायची, "अब्बा, माणूस पासवर्ड टाकून आत आला की सर्व्हर त्याची आठवण ठेवतो. त्याला सेशन म्हणतात. मग तो जे पान मागेल, ते देण्याआधी बघायचं, याची आठवण आपल्याकडे आहे का? नसेल तर पान द्यायचं नाही, लॉगिनकडे परत पाठवायचं."

आधी ही तपासणी तिने प्रत्येक पानावर वेगवेगळी लिहिली होती. पानं वाढत गेली तशी एखाद्या पानावर ती राहून जायची. म्हणून तिने एकच फिल्टर लिहिला. येणारी प्रत्येक मागणी आधी त्यातून जाणार, सेशन असेल तरच पुढे. पहिल्या दिवशी गंमत झाली. लॉगिनच्या पानावरचा क्लासचा फोटोच दिसेना, कारण फिल्टरने फोटोची मागणीही अडवली होती. सर ओरडले, "मॅडम, उद्या रिझल्ट हाय आन् इथं कोरं पान दिसतंय!" तिने घाईत एक ओळ घातली. पत्त्याच्या शेवटी '.jpg' असेल तर तपासू नको, जाऊ दे. फोटो दिसू लागला. पुढची दोन वर्षं कुणाची काही तक्रार आली नाही.

२०११ च्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी दुपारी, उज्वला नावाची बारावीतली मुलगी कॉम्प्युटरच्या खोलीत आली. किल्लारीची होती. अंगाने बारीक. बोलताना सारखी दाराकडे बघत होती.

"मॅडम, माझा खोली नंबर वेबसाइटवर दिसतो का?"

"तुला आणि तुझ्या आईबाबांना दिसतो. का गं?"

तिने फोन पुढे केला. महिनाभर एका माणसाचे फोन येत होते. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू यायचा. मग बोलायला लागला. तुझी खोली चौदा. गुरुवारी तू टेस्ट बुडवलीस, ताप होता ना? रविवारी बापाबरोबर गावी गेलीस, सोमवारी साडेदहाला परत आलीस. परवा म्हणाला होता, तुझा रक्तगट मला माहीत आहे, लागला तर रक्त मीच देईन.

"रक्तगट माझ्या मैत्रिणींनापण माहीत न्हाई, मॅडम."

मुबश्शिराने तिच्यासमोरच लॉगिनची नोंद काढली. उज्वलाच्या खात्यात महिनाभरात फक्त उज्वला आली होती, तीही सातच वेळा. दुसरं कुणी नाही. मुबश्शिराला मनातून हायसं वाटलं आणि त्या भरात ती ठामपणे बोलून गेली, "आपल्याकडून नाही गेलेलं हे. लॉगिन केल्याशिवाय कुणाला दिसतच नाही. तुझ्या खोलीतलंच कुणीतरी सांगत असेल."

उज्वलाने मान हलवली आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती खोलीतल्या तीन मुलींशी बोलेनाशी झाली, डबासुद्धा एकटी खाऊ लागली. हे मुबश्शिराला नंतर कळलं, आणि पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त लाज त्या एका वाक्याचीच वाटत राहिली.

रक्तगटाचं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. रक्तगट फक्त प्रवेशाच्या फॉर्ममध्ये होता आणि फॉर्म फक्त तिच्या वेबसाइटवर. गुरुवारी सकाळी तिने सर्व्हरची मोठी नोंद उघडली. कुठल्या मशीनने, किती वाजता, कुठलं पान मागितलं आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं, हे तिथे ओळीने पडत असतं. लॉगिनकडे परत पाठवलेल्या मागणीपुढे तीनशे दोन हा आकडा, आणि पान देऊन टाकलं असेल तर दोनशे. तिने उज्वलाच्या फॉर्मचा नंबर टाकून शोधलं.

एकसष्ट ओळी आल्या. सगळ्यांपुढे दोनशे. सेशन कुठेच नाही.

आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी, एक अर्धविराम देऊन, '.jpg' चिकटवलेलं.

फिल्टर पत्त्याचं शेपूट बघून फोटो समजत होता आणि सोडून देत होता. त्याच्या मागचा सर्व्हर अर्धविरामापुढचं सगळं टाकून देऊन फॉर्म काढून देत होता. तिनेच घाईत लिहिलेली ओळ होती ती. तिने शोध मोठा केला. एकटी उज्वला नव्हती. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, असे जूनमध्ये तीन दिवस बसून कुणीतरी सगळे फॉर्म ओळीने उघडले होते. फोटो, पत्ता, बापाचा फोन. त्यातून वेचून पुढे नऊच नंबर पुन्हा पुन्हा. नऊच्या नऊ मुली.

ती बघत असतानाच पडद्यावर तळाला एक नवीन ओळ पडली. अकरा वाजून चार मिनिटं. उज्वलाचा नंबर. दोनशे.

तो आत्ता बघत होता.

मुबश्शिराने ओळीची सुरुवात वाचली. तोपर्यंत तिला वाटत होतं, कुठेतरी दूर, पुण्याबिण्याला बसलेला कुणी असेल. पण मागणाऱ्या मशीनचा पत्ता बाहेरचा नव्हता. क्लासच्या आतल्या तारेवरचा होता आणि त्याचा शेवट होता सत्तावीस. इमारतीतल्या प्रत्येक मशीनवर तिनेच स्केचपेनने नंबर लिहून चिकटवला होता. सत्तावीस नंबरचं मशीन दुसऱ्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत.

ओळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. तेवढा वेळ तिला थांबवेना. तिने हात घालून सर्व्हरची तार उपसली. सगळी वेबसाइट बंद. मग प्रिंटरचं जुनं कार्ट्रिज हातात घेतलं, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असावं, आणि जिना चढू लागली.

शिक्षकांच्या खोलीत एकच माणूस होता. सत्यम सर, केमिस्ट्रीचे. तीस-एकतीसचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पोरापोरींचे लाडके. ते सत्तावीस नंबरपुढे बसले होते. वळून हसले.

"मॅडम, साईट बंद पडली का हो? आत्ताच तर चालू होती."

कार्ट्रिज टेबलावर ठेवून ती परत फिरली. जिन्यात आल्यावर तिला आठवलं. एप्रिलमध्ये हेच सत्यम सर तिच्या खोलीत आले होते. मला जावा शिकायची आहे म्हणाले. क्लासमध्ये तिच्या कामाबद्दल कुणी कधी काही विचारत नसे. तिने हौसेने फळ्यावर चौकोन काढून सगळा फिल्टर समजावून सांगितला होता. फोटोंना कसं सोडते, तेसुद्धा.

खाली येऊन तिने ती ओळ काढून टाकली. लॉगिनचं पान आणि त्यावरचा एक फोटो, दोघांचे पूर्ण पत्ते लिहिले आणि एवढंच सोडायचं, बाकी सगळं तपासायचं, असं केलं. अर्धविराम लावून पाहिला. तीनशे दोन. पुन्हा पाहिला. तीनशे दोन. मग तार लावली आणि तीन महिन्यांच्या नोंदी एका सीडीवर उतरवायला घेतल्या. सीडी फिरत असतानाच दार उघडलं आणि लोटलं गेलं. सत्यम सर आत आले होते.

"काय करून राहिलात?" आवाज नेहमीसारखाच, गोड.

"बॅकअप."

ते खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसले. म्हणाले, "मॅडम, मी काय कुणाचा पासवर्ड चोरला नाही. लॉगिनपण केलं नाही. तुम्ही फळ्यावर जे काढून दिलंत तेच. उद्या कुणी विचारलं तर दोघांचं नाव येईल. आधी तुमचं येईल, कोड तुमचा." मग थोडं थांबून, "इतवाऱ्यात ना अब्बांचं दुकान? मागच्या गल्लीत घर. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय म्हणे."

कर्मचाऱ्यांचे फॉर्मही त्याच वेबसाइटवर होते. रजेच्या अर्जात तिनेच लिहिलं होतं, बहिणीची मंगनी.

बाहेर तास सुटल्याची घंटा झाली, पोरांचा लोंढा व्हरांड्यात आला, तसे सत्यम सर उठून खुर्ची जागेवर ठेवून गेले. मुबश्शिरा कितीतरी वेळ भिंतीला टेकून खाली फरशीवर बसून होती. तिला अब्बांच्या दुकानापुढे उभा असलेला इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

संगप्पा सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. चेहरा उतरला त्यांचा. पण पहिला प्रश्न आला, "अजून कुणाला सांगितलं?"

"नाही."

"मग नको. त्याला मी आज काढतो. तुम्ही भोक बुजवलंय ना? मग ती जुनी नोंद पुसून टाका. नऊ पोरींची नावं पेपरात आली तर बाकीच्या हजार पोरींचे बाप उद्या जीप घेऊन गेटवर उभे राहतील. अन् पोलीस कुणाला धरतील? ज्यानं लिहिलं त्याला. तुमच्या घरच्यांचा विचार करा, मॅडम. तुमच्या... तुमच्या लोकांचं नाव आलं की गावात काय काय बोलतात, मी सांगायची गरज न्हाई."

यात धमकी किती होती आणि काळजी किती, ते तिला तेव्हाही कळलं नाही, पुढेही कळलं नाही. ती "बरं" म्हणाली. बाहेर येऊन बोळात उभी राहून तिने नांदेडला फोन लावला. अब्बा गिऱ्हाइकांशी मराठी बोलत, लेकीशी दखनी. ते मध्येच न थांबवता ऐकत राहिले.

"गलती तेरी है क्या?"

"आधी माझी, अब्बा. नंतर त्याची."

"तो फिर वैसाच बोल. जित्ती तेरी है उत्ती बोल."

"आणि तो दुकानावर आला तर?"

ते म्हणाले, "डर तो मेरे कू भी लग रा बेटा." इतकंच. धीराचं काही बोलले नाहीत. पण आपल्यासारखेच तेही घाबरलेत, हे ऐकून तिला चालायचं बळ आलं.

ती वसतिगृहावर गेली. रेक्टर सरजाबाईंच्या खोलीत उज्वलाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "मी तुला मंगळवारी चुकीचं सांगितलं. तुझ्या मैत्रिणींचा काही दोष नाही. आपल्याकडूनच गेलं. माझ्या चुकीनं गेलं." कोण, ते सांगितल्यावर उज्वला भिंतीकडे सरकली. ती रोज पहिल्या बाकावर बसून त्याच माणसाचा तास ऐकत होती, वहीवर त्याची सही घेत होती.

मग रडत म्हणाली, "बाबांना सांगू नका. ते मला घेऊन जातील."

तिची भीती खरी होती. तिचे बाबा रामकिशन यांची पहिली बायको आणि चार वर्षांची लेक त्र्याण्णवच्या भूकंपात गेली होती. ते तेवढे शेतात राखणीला होते म्हणून वाचले. उज्वला दुसऱ्या संसारातली, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेली. नवीन गावात सिमेंटचं घर मिळालं तरी बारा महिने ते अंगणातच झोपत. लेकीला लातूरला ठेवायला ते दोन वर्षं तयार नव्हते. तिची आई लक्ष्मीबाई हट्टाला पेटली म्हणून ती इथे आली होती.

सरजाबाई म्हणाल्या, "बापाला सांगितल्याबिगर पोलिसात कोन उभं करून घेनार बाई? अठरा वर्षं झाली न्हाईत पोरीला." त्यांनीच फोन लावला.

रामकिशन शुक्रवारी सकाळी काळ्या-पिवळ्या जीपने आले. उन्हाने काळवंडलेला, हातात टोपी घेऊन उभा राहिलेला माणूस. मुबश्शिराने पुन्हा सगळं सांगितलं, आपल्या चुकीपासून. ते तिच्याकडे बघतच नव्हते, लेकीकडे बघत होते. उज्वलाने न सांगताच ट्रंक भरून ठेवली होती.

"तो कुठं हाय आता?" त्यांनी विचारलं.

"काल काढून टाकलं त्याला. कुठं गेला माहीत नाही."

"म्हंजे मोकळा हाय." ते ट्रंकेकडे गेले. मुबश्शिराला वाटलं, संपलं. त्यांनी ट्रंक उचलली, कॉटखाली परत सरकवली आणि तिथेच जमिनीवर बसले. "तिकडं नेऊ तर तिकडं येईल. पत्ता हाय की त्याच्याकडं. कुठं कुठं लपवू मी हिला?" मग टोपी डोक्यावर घातली. "चला. चौकी कुठं हाय?"

पोलीस ठाण्यात दोन तास गेले. साहेबांनी विचारलं, "त्याने पासवर्ड तोडला का?" नाही. "कुणाचा पासवर्ड वापरला?" नाही. "मग गुन्हा काय झाला?" मुबश्शिराने टेबलावरच्या कागदावर तेच चौकोन काढले, जे एप्रिलमध्ये सत्यमसाठी काढले होते. साहेब मध्येच म्हणाले, "म्हणजे चूक तुमची आहे, असं लिहून घेऊ?" ती म्हणाली, "घ्या. आणि त्यापुढचंही घ्या." सीडी जमा झाली. उज्वलाने फोनमधले नंबर दिले.

शनिवारी मुबश्शिराची नोकरी गेली. नऊपैकी तीन मुलींना घरच्यांनी खरंच नेलं, त्यातली एक पुन्हा कधी शिकली नाही. संगप्पा सर म्हणाले होते ते तितकं खोटं नव्हतं. रामकिशन मात्र लातूरला राहिले. शेत लक्ष्मीबाईंवर सोडून त्यांनी एका गोदामात हमाली धरली. रोज सकाळी लेकीला क्लासच्या गेटापर्यंत सोडायचे, संध्याकाळी वसतिगृहापर्यंत, दहा पावलं मागे चालत. मार्चमध्ये बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ते जीपने किल्लारीला परत गेले. उज्वलाला पुढे नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

सत्यमला पोलिसांनी उदगीरहून धरून आणलं, पण आठवड्यात जामीन झाला. त्यानंतर मुबश्शिरा नांदेडला दोन वर्षं अशी राहिली की दुकानापुढे कुणी इस्त्रीच्या शर्टातला दिसला की मागच्या गल्लीतल्या घरी शिरे आणि माजघरातून बाहेर येत नसे. बहिणीच्या लग्नात तिने मंडपात येणाऱ्या प्रत्येक अनोळखी पाहुण्याचं नाव विचारून घेतलं, लोक हसले. तो कधीच आला नाही. फक्त एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, फोन वाजला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तो कुणाचा, ते तिला कधीच कळलं नाही.

खटला २०१५ साली लातूरच्या कोर्टात उभा राहिला. साक्षीच्या वेळी सत्यमच्या वकिलाने तिला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. "फॉर्म उघडणारा माणूस माझाच अशील होता, हे तुमच्या नोंदीत कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"का नाही?"

"लॉगिन असतं तर सेशनमध्ये नाव असतं. तपासणीच झाली नाही, म्हणून नाव नाही. फक्त मशीनचा नंबर आहे."

"आणि त्या मशीनवर कुणीही बसू शकत होतं?"

"हो."

"तपासणी का झाली नाही?"

"मी तशी ओळ लिहिली होती म्हणून."

हे बोलताना तिने सत्यमकडे पाहिलं नाही. तो आठ हातांवर उभा होता आणि त्याचं आपल्याकडे लक्ष आहे, हे तिच्या मानेला कळत होतं. ते फॉर्म त्यानेच उघडले, हे शेवटी सिद्ध झालं नाही; तिने त्याला सत्तावीसपुढे पाहिलं होतं, पण त्याला दुसरा साक्षीदार नव्हता. फोन मात्र सिद्ध झाले. सिमकार्ड त्याने स्वतःच्या मावसभावाच्या नावावर घेतलं होतं. शिक्षा झाली ती त्यापुरती, सहा महिन्यांची, आणि तीही वरच्या कोर्टात अपील केल्यामुळे लांबली.

निकालाच्या दिवशी उज्वला आली होती. पांढऱ्या गणवेशातच, ड्यूटीवरून थेट. कोर्टाच्या आवारात दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. उज्वला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आल्या नसत्या तर मी अजून मैत्रिणींवरच संशय घेत बसले असते." मुबश्शिराने उज्वलाचा हात धरला, दाबला आणि सोडला.

बसस्थानकावर नांदेडच्या फलाटावर तिला सत्यम दिसला. दहा-बारा माणसांपलीकडे, खांद्याला बॅग, कुणाशी तरी हसून बोलत होता. बस लागली. ती चढली आणि खिडकीतून बघत राहिली, तो चढतोय का. तो चढला नाही. तरीही अहमदपूरला बस थांबली तेव्हा तिने उठून मागच्या बाकापर्यंत एकेक चेहरा पाहून घेतला. मग खाली उतरली आणि चहा घेतला. गरम कप दोन्ही हातांत धरून कंडक्टर शिट्टी वाजवेपर्यंत ती उन्हात उभी राहिली.